लोखंडाचे बलुते

मळवलीच्या स्थानकावर उतरून भाजे गावातून वर चढू लागले म्हणजे गायमुखाच्या खिंडीत वाट फुटते. एका हातास विसापूर, दुसऱ्या हातास लोहगड. ‘लोहगड’ हे नाव प्रथम ऐकणाऱ्यास सहज वाटते की, या डोंगरात कोठेतरी लोखंडाची खाण असावी. परंतु गडाचा कातळ कितीही निरखून पाहिला तरी खाणीची खूण सापडत नाही. कारण खाण येथे नाहीच. हे नाव खनिजावरून पडलेले नसून कठीणपणावरून पडलेले असावे. ज्या मावळाने आपल्या एका अभेद्य गडास लोखंडाचे नाव दिले, त्या मावळास लोखंड नेहमी बाहेरूनच आणावे लागले. या साध्या भौगोलिक गोष्टीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, व त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. जी वस्तू आपल्या भूमीत निपजत नाही, परंतु जिच्यावाचून आपला एक दिवसही जात नाही, ती वस्तू ज्या भूमीतून येते तिचे व तेथील माणसांचे आपण काय लागतो?

प्रथम शास्त्राची बाजू पाहू. सह्याद्रीचा हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या तप्त रसाचा झालेला आहे. त्यात लोखंडाचा अंश मुळीच नाही असे नव्हे. घाटमाथ्यावरील मातीला जो तांबूसपणा येतो तो लोखंडाच्या गंजाचाच होय. आपल्या शरीरातही तीन-चार ग्रॅम लोखंड असते, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याइतके. परंतु एखादी वस्तू सर्वत्र असणे निराळे व ती हाती लागणे निराळे. कातळातील थोडके लोह इतर द्रव्यांशी असे जखडलेले असते की, ते सोडवून घेणे परवडत नाही. याच्या उलट शुद्ध हेमॅटाइट या खनिजात शंभर भागांत सत्तर भाग लोखंड असते. बाकीचा भाग प्राणवायूचा. भट्टीत कोळसा जाळून हा प्राणवायू काढून घेतला म्हणजे लोखंड मोकळे होते. पण ते मोकळे राहू इच्छीत नाही. दमट हवेत ठेवताच ते पुन्हा प्राणवायूशी संयोग पावते. यासच आपण गंज म्हणतो. अर्थात् लोखंड हे निसर्गाकडून घेतलेले उसने आहे, व गंज हा त्याचा तगादा आहे. मात्र निसर्गाखेरीज आणखीही कोणाचे देणे या लोखंडात गुंतलेले असते, व ते देणे गंजासारखे डोळ्यांस दिसत नाही.

लोहगडापासून जवळच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हा अखंड कातळ पोखरून ज्यांनी एवढा उंच व लांब सभामंडप सिद्ध केला, त्यांच्या हाती लोखंडाची छिन्नी होती. त्या कठीण पाषाणावर छिन्नीची धार किती वेळा बोथट झाली असेल व पायथ्याशी भाता फुंकणाऱ्याने ती किती वेळा तापवून पुन्हा लावून दिली असेल, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. दानशूरांची नावे मात्र तेथे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे व्यापारी व यवन, दार घडविणारा एक सुतारसुद्धा, अशी अनेक नावे अभ्यासकांनी वाचली आहेत. ज्या लोखंडाने ही अक्षरे कोरली ते कोणत्या डोंगरातून आले व कोणी गाळले, हे त्या अक्षरांत नाही. दान दिसते, कला दिसते. ज्या उपकरणाने हे सर्व शक्य झाले त्याचा उगम दिसत नाही.

लोखंडासंबंधी नीतीचा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा तो निराळ्या रीतीने मांडण्यात येतो. लोखंडाचा फाळही होतो व तलवारही होते. मग लोखंड चांगले की वाईट? विसापुरावर एक जुनी लोखंडी तोफ पडलेली होती, तिचे वर्णन इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहे. सुमारे दहा फूट लांबीच्या या तोफेवर इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचा गुलाब, मुकुट व ‘ई. आर.’ ही अक्षरे होती. ती राणी एलिझाबेथच्या काळची असावी व एखाद्या इंग्रजी जहाजावरून मराठ्यांच्या आरमाराच्या हाती लागली असावी, असा गॅझेटियरकारांचा तर्क आहे. म्हणजे इंग्लंडच्या खाणीतील लोखंड इंग्रजांच्याच विरुद्ध रोखण्यासाठी मावळच्या गडावर चढविण्यात आले. पुढे मार्च १८१८ मध्ये विसापूर व त्यापाठोपाठ लोहगड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि विसापुरावरील तोफांचे दोन्ही बाजूंचे कान तोडून त्या निकामी करण्यात आल्या. लोखंड तेच, हात बदलले की त्याचे काम बदलले. तेव्हा लोखंड निर्दोष असून दोष असलाच तर तो हाताचा आहे, असे उत्तर आपण देतो व हे उत्तर चूक नाही.

परंतु ते अपुरे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सोयीचे आहे. या उत्तराप्रमाणे आमच्या हाती तलवार नसून विळी, तवा व अडकित्ता आहे, म्हणून आम्ही निर्दोष ठरतो. मात्र वस्तूचा उपयोग कशासाठी केला एवढाच नीतीचा प्रश्न नसतो. ती कोठून आली व येताना कोणाच्या दारावरून आली, हाही असतो. चोरीच्या धान्याचा अन्नदानासाठी उपयोग केला म्हणून चोरीचा प्रश्न मिटत नाही. भाकरीचा तवा तलवारीइतका क्रूर नसेल. पण दोघांचे माहेर एकच आहे.

आपल्या जुन्या गावगाड्यात या प्रश्नाचे एक उत्तर होते, त्याकडे लक्ष देण्याजोगे आहे. लोहार हा बलुतेदार होता. त्याने फाळास धार लावून द्यावी, कोयता-कुऱ्हाड घडवून द्यावी, व सुगीच्या वेळी खळ्यावर येऊन आपला वाटा घेऊन जावे. हा वाटा म्हणजे एकदा देऊन मोकळे होण्याची किंमत नव्हती. जोवर शेत पिकते आहे तोवर प्रत्येक पिकात त्याचा हक्क राही. फाळ नसता तर पीक नसते, ही गोष्ट कोणास बोलून दाखवावी लागत नसे. खळ्यावरची रास ती सांगत असे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिने माणसाचे काम व त्याचा मान जन्माने ठरविला, कोणास खळ्याच्या जवळ व कोणास दूर उभे केले, आणि ज्याचा वाटा लहान त्यास तो वाढवून मागण्याची सोय ठेवली नाही. ती मोडली हे योग्यच झाले. परंतु तिच्यातील एक विचार मात्र तिच्याबरोबर मोडावयास नको होता. तो विचार असा की, ज्याच्या वस्तूवर आपला लाभ पुनःपुन्हा उभा राहतो त्याचे देणे एकाच व्यवहारात फिटत नाही.

लोहाराच्या मागे आणखी एक मनुष्य होता. तो म्हणजे लोखंड गाळणारा. महाबळेश्वरच्या पठारावर धावड नावाचे लोक तेथील जांभ्या दगडातील लोखंड कोळशाच्या भट्ट्यांत गाळीत असत. एकोणिसाव्या शतकात रान तोडण्यावर बंधने आली, सरपण महागले आणि त्याच वेळी विलायती लोखंड स्वस्त झाले. तेव्हा त्यांचा धंदा बसला. याचा परिणाम केवळ आर्थिक झाला असे नाही. गाळणारा पूर्वी काही दिवसांच्या वाटेवर होता, तो आता समुद्रापलीकडे गेला. आणि माणूस जितका दूर, तितकी त्याच्या देण्याची आठवण पुसट.

ही विस्मृती किती मोठी होऊ शकते हे बोरघाटात दिसते. १८५६ मध्ये घाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले व १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे कातळातून फोडण्यात आले. रूळ व यंत्रे विलायतेहून जहाजांनी आली. १८६१ च्या सुमारास या घाटात एकाच वेळी बेचाळीस हजारांपर्यंत मजूर खपत होते, व पटकी, ताप आणि अपघात यांनी त्यांतील हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये आला व थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, काम पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले याचा आनंदच आहे. परंतु त्या हजारोंपैकी एकाचेही नाव खंडाळ्याच्या थंड हवेसाठी जाणाऱ्या उतारूस ठाऊक नसते. गाडी बोगद्यात शिरली म्हणजे मुले आनंदाने ओरडतात. त्यांना कोणी सांगितलेलेच नाही, तर त्यांचा दोष तो काय?

आता ज्या गोष्टीमुळे मावळास या प्रश्नाविषयी बोलण्याचा विशेष अधिकार प्राप्त होतो तिच्याकडे वळू. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोखंडाच्या साठ्याविषयी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला, आणि हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्याचा विचार त्यांच्या मनाने घेतला. वरोऱ्याचा कोळसा भट्टीस योग्य ठरला नाही, म्हणून तो बेत चांद्यात सिद्धीस गेला नाही. पुढे तो साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, त्यांच्या मृत्यूनंतर फळास आला. त्याच थोर पुरुषाचा दुसरा बेत घाटमाथ्यावरील पावसाचे पाणी अडवून मुंबईस वीज पुरविण्याचा होता. १९११ हे साल दोन्ही बेतांच्या इतिहासात संस्मरणीय आहे. त्या वर्षी लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसविण्यात आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात साकचीच्या भट्टीतून पहिले लोखंड वाहिले. वळवण, लोणावळे व शिरवटे येथील तलावांचे पाणी पोलादी नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली उतरून खोपोलीस चक्रे फिरवू लागले, आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. लोखंड बाहेरून मावळात आले, मावळाचे पाणी बाहेर गेले.

त्यानंतर मुळशीची पाळी आली. मुळा नदीवरील धरणाने सुमारे पन्नास गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीस मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते, आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. त्यांच्या विरुद्ध जो युक्तिवाद करण्यात आला तो आजही जसाच्या तसा ऐकू येतो: थोड्यांच्या नुकसानीने पुष्कळांचा लाभ होतो, देशास उद्योग हवा, आणि मोबदला तर देण्यात येतच आहे. येथे एक गोष्ट आपल्यासारख्या सुशिक्षित घरांनी विसरता कामा नये. त्या जमिनींचे कागदोपत्री मालक असलेल्या पुण्याच्या सावकारांपैकी अनेकांना मोबदल्याचा दर चढविण्यात अधिक रस होता. जमीन हवी होती ती प्रत्यक्ष चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्यांना. १९२४ पर्यंत लढा चालून संपला. धरण झाले, शेते बुडाली. उद्योगास वीज मिळाली हे खरे. ती देताना ज्यांना विचारले नाही त्यांनी आपला होकार कधीच दिला नव्हता, हेही तितकेच खरे.

त्या काळच्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागाचा १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागड नावाचा डोंगर आहे. लोहगडाच्या नावात लोखंड आहे; या डोंगराच्या पोटात ते खरोखरच आहे, व तेही उत्तम प्रतीचे. तेथील माडिया गोंडांना हा डोंगर खनिजाचा साठा म्हणून ठाऊक नव्हता. त्यांच्या ठाकुरदेवाचे ते स्थान आहे व दरवर्षी तेथे यात्रा भरते. २००७ मध्ये खाणीचा पट्टा देण्यात आला, २०१६ मध्ये उत्खननास आरंभ झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरील सुमारे ऐंशी वाहने जाळली. २०२१ पासून काम पुन्हा जोराने सुरू झाले. खाणीमुळे तरुणांना नोकऱ्या मिळाल्या, असे एक पक्ष सांगतो व त्यात तथ्य आहे. डोंगर गेला, ओढ्यांना तांबडे पाणी आले, जड वाहनांनी रस्ते उद्ध्वस्त केले, असे दुसरा पक्ष सांगतो व त्यातही तथ्य आहे. दोन बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या गावकऱ्यास मोकळेपणाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची जागा किती उरते, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांस अडचणीचा आहे.

येथे असा आक्षेप संभवतो की, प्रत्येकास विचारीत बसले तर एकही खाण उघडणार नाही. मला हा आक्षेप टिकाऊ वाटत नाही. विचारणे म्हणजे नकारच मिळविणे नव्हे; परंतु जेथे नकार देता येत नाही तेथे होकारासही काही अर्थ उरत नाही. आपल्या कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे आवश्यक ठरविले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. तत्त्व कागदावर आले आहे. ते कागदावरून खळ्यावर यावयाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुष्कळांच्या हितासाठी थोड्यांनी सोसावे, यात अन्याय कोणता? कुटुंबातसुद्धा एकजण सोसतो म्हणून बाकीचे वर येतात. हे खरे आहे. पण कुटुंबात सोसणारा ताटावर शेजारी बसलेला असतो, त्याचे सोसणे सर्वांस ठाऊक असते आणि बरे दिवस आले म्हणजे त्याचा वाटा त्यास मिळतो. सोसणारा एका ताटावर व जेवणारा दुसऱ्याच गावी, असे झाले म्हणजे कुटुंबाची उपमा संपली. शिवाय ‘पुष्कळ’ व ‘थोडे’ यांची बेरीज नेहमी लाभाच्या बाजूस बसलेला मनुष्यच करतो. मुळशीच्या वेळी ही बेरीज मुंबई-पुण्यात झाली. सुरजागडच्या वेळी ती करणाऱ्यांत आपण आहोत, आणि आपल्यात आता मावळही आहे. तळेगाव-चाकणचे कारखाने, २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग व लोणावळ्याच्या टेकड्यांवर चढत गेलेल्या इमारती यांत किती लोखंड गेले असेल! ज्याने एकदा देणाऱ्याचे दुःख सोसले तोच आज घेणाऱ्यांच्या पंक्तीस बसला आहे. वहीची दोन्ही पाने ज्याच्या हातची आहेत त्याने तरी हिशोब प्रामाणिकपणे वाचावा.

मग करावे काय? लोखंड टाकून द्यावे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. फाळ, सुई, पूल व शस्त्रवैद्याचे पाते यांवाचून माणसाचे जिणे दीनवाणे होईल. माझ्या मते देण्याचे तीन हप्ते आहेत. पहिला हप्ता विचारण्याचा, तो वर आलाच आहे. दुसरा वाट्याचा. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण-जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असावे असे ठरले. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या शेकडा तीस व लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर शेकडा दहा इतकी जादा रक्कम खाणवाल्याने या प्रतिष्ठानास द्यावयाची, व ती बाधित लोकांच्या हितासाठी खर्च व्हावयाची. एकदाच फेकलेला मोबदला व दर सुगीस मिळणारा वाटा यांतील भेद येथे कायद्याने ओळखला आहे. जुन्या बलुत्याचाच विचार हा. मात्र जन्माच्या बंधनातून सोडविलेला. हा पैसा ज्याचा त्यास पोहोचतो की नाही हे पाहणे केवळ गडचिरोलीच्या माणसाचे काम नव्हे. त्या लोखंडावर ज्याचे छप्पर उभे आहे त्या प्रत्येकाचे ते काम आहे.

तिसरा हप्ता प्रत्येक घराच्या हातातील आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत अवघड आहे. लोखंडाचा एक मोठा गुण असा की, ते कितीही वेळा वितळवून पुन्हा घडविता येते. मोडक्या फाळाचा कोयता करणारा लोहार हे जाणत होता, व घरोघर फिरणारा भंगारवाला ते आजही जाणतो. आपण मात्र वस्तू जुनी झाली म्हणजे ती नवी आणण्यास निमित्त मिळाले असे समजतो. घाटमाथ्यावर वर्षाचे अकरा महिने कुलूप लावलेला बंगला म्हणजे टनावारी पोलाद निजवून ठेवणे होय. गरजेपुरते घेणे ही संन्याशाची शिकवण नाही. ती कर्जदाराची साधी सभ्यता आहे. ज्याचे देणे फिटलेले नाही त्याने उधळेपणा करू नये, एवढेच तिचे म्हणणे.

संध्याकाळी लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभे राहिले म्हणजे खाली पवनेचा जलाशय चकाकतो; त्याच्या तळाशीही कोणाची शेते आहेत. पलीकडच्या बाजूस इंद्रायणीच्या खोऱ्यातून गाडी धावते व महामार्गावर दिव्यांची रांग लागते. २०२५ च्या जुलैत या गडाचे नाव मराठ्यांच्या इतर गडांसह जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्याचा अभिमान आपल्यास वाटला तो यथार्थ आहे. परंतु वारसा म्हणजे केवळ मिळकत नव्हे. वारसास बापाचे देणेही फेडावे लागते. जे आपल्या डोंगरात नाही त्याचे नाव आपण शतकानुशतके मिरवीत आलो. त्या नावाचे बलुते अजून खळ्यावर मोजून द्यावयाचे राहिले आहे.